दारू थांबल्यावर वॉर्डातली तिसरी रात्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गात मेडिसिनच्या वॉर्डात मी बरीच वर्षं काम करतोय. खालचे काही प्रश्न नातेवाइकांनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर विचारलेले आहेत, काही नव्या सिस्टरनी आणि इंटर्ननी रात्रपाळीत. उत्तरं मुद्दाम एकत्रच ठेवली आहेत. नातेवाइकांनी स्टाफसाठीचं वाचलं तरी बिघडत नाही, आणि स्टाफने नातेवाइकांसाठीचं वाचायलाच हवं.

घरून बोलत-चालत आला होता. इथे आणल्यावरच असा का करायला लागला?

या प्रश्नात बहुतेक वेळा राग असतो. इस्पितळात काहीतरी चुकीचं इंजेक्शन दिलं, असं घरच्यांना वाटतं. ते तसं वाटणं मी समजू शकतो. पाय मोडला म्हणून आणलेला माणूस दोन दिवस नीट असतो आणि तिसऱ्या रात्री बायकोला ओळखत नाही.

रोज दारू घेणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतो. दारू त्याला सुस्तावते, म्हणून तो स्वतःला शांत करणारी यंत्रणा कमी करतो आणि चेतवणारी वाढवून ठेवतो. रस्सीखेचीत समोरच्या गटाने अचानक दोर सोडला की इकडचे सगळे पाठीवर आपटतात ना, तसं दारू एकदम तुटल्यावर होतं. जोर तेवढाच असतो, पण समोर धरायला कोणी नसतं. हात थरथरतात, घाम सुटतो, नाडी धावते, झोप उडते, आणि काहींच्या बाबतीत याच्याही पुढे जातं. याला विथड्रॉवल म्हणतात. इस्पितळाचा यातला वाटा एवढाच, की इथे दारू मिळत नाही.

एक खलाशी माझ्या कायमचा लक्षात आहे. ट्रॉलरवर पाय घसरून मांडीचं हाड मोडलेलं. दाखल करताना घरच्यांनी “दारू नाही” असं सांगितलं होतं आणि आम्हीही तेवढ्यावर थांबलो. तिसऱ्या रात्री दोन वाजता सिस्टरचा फोन आला. मी पोचलो तेव्हा तो मोडक्या पायासकट कॉटवर उठून बसला होता आणि सलाईनची नळी एका हाताखाली दुसरा हात घालत ओढत होता, अगदी जाळ्याचा दोर ओढतात तशी. मध्येच थांबून तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, हाक मारत होता आणि सिस्टरला ओरडून सांगत होता की दोरात पाय अडकवू नकोस. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, नाडी १३०. या अवस्थेतला माणूस पुष्कळदा आपलं रोजचं कामच करत असतो. गवंडी विटा लावतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. चार दिवसांनी तो शुद्धीवर आला, तेव्हा त्याला एवढंच आठवत होतं की होडीत पाणी भरत होतं.

शेवटच्या घोटानंतर किती तासांनी काय दिसतं?

साधारण सहा ते आठ तासांनी हाताची थरथर, घाम, मळमळ, डोकेदुखी, छातीत धडधड आणि बेचैनी सुरू होते. बारा ते चोवीस तासांत काहींना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात किंवा आवाज ऐकू येतात. त्या वेळी माणूस बऱ्याचदा शुद्धीवर असतो आणि आपण कुठे आहोत हे सांगू शकतो. आकडी आली तर ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. सगळ्यात गंभीर अवस्था म्हणजे डेलिरियम ट्रेमेन्स, वॉर्डातल्या भाषेत डीटी. ती ४८ ते ९६ तासांदरम्यान सुरू होते: भान हरपतं, ताप चढतो, रक्तदाब आणि नाडी वर जाते, माणूस उठून पळू बघतो. विथड्रॉवल झालेल्या शंभरातल्या साधारण पाच जणांना डीटी होतो. उपचाराविना तो जीव घेऊ शकतो. वेळेवर उपचार मिळाले तर मरण पावणाऱ्यांचं प्रमाण आज पाच टक्क्यांच्या खाली आहे.

हे तास शेवटच्या घोटापासून मोजायचे, ॲडमिशनपासून नव्हे. आपल्याकडे ही चूक फार होते. वाडीतून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोस, असं करत माणूस आमच्यापर्यंत येतो तेव्हा अर्धा दिवस उलटलेला असतो. आमच्या कागदावर तो पहिला दिवस, त्याच्या मेंदूसाठी दुसरा.

आणखी एक. तोंडाला वास येतोय म्हणून विथड्रॉवल नाही, असं धरून चालू नका. ज्याला भरपूर प्यायची सवय आहे त्याच्या रक्तात थोडी दारू शिल्लक असतानाही थरथर सुरू होऊ शकते.

आमचा माणूस फक्त माडी घेतो. काजूची घेतो, पण घरचीच. तरी होतं?

होतं. शरीराला बाटलीवरचं नाव कळत नाही. बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांच्या दारूच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीमध्ये, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास. माडी सकाळी उतरवलेली असते तेव्हा सौम्य असते आणि ऊन चढेल तशी आंबत जाते. काजूची हुर्राक सौम्य म्हणतात, पण हंगामात ती पाण्यासारखी प्यायली जाते. गावठीचा तर हिशेबच नाही, कारण प्रत्येक भट्टीचं पाणी वेगळं.

तरी प्रमाणापेक्षा मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. रोज घेतो का? आणि सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला घ्यावी लागते का? दुसऱ्याचं उत्तर “हो” असेल तर आम्ही लक्षणांची वाट बघत बसत नाही. पूर्वी कधी दारू सुटल्यावर फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, तर धोका सगळ्यात मोठा.

दारूचं सांगितलं तर पोलीस केस होईल का? इन्शुरन्स बुडेल का? गावात कळेल का?

रोज दारू घेतो म्हणून डॉक्टर पोलिसांना कळवत नाहीत. अपघात, मारामारी किंवा विषबाधा असेल तर मेडिको-लीगल नोंद होते, आणि ती दारू न पिणाऱ्याचीही होते. इन्शुरन्सबद्दल मी खोटा दिलासा देणार नाही, प्रत्येक पॉलिसीच्या अटी वेगळ्या असतात. पण लपवल्याने ते लपत नाही. लिव्हरच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि तिसऱ्या दिवशीची थरथर हे सगळं केसपेपरवर येतंच. फरक एवढाच पडतो की उपचार दोन दिवस उशिरा सुरू होतात.

गावात कळण्याची भीती मात्र खरी आहे. शेजारच्या कॉटवर पलीकडच्या वाडीतलं कोणीतरी असतंच. म्हणून स्टाफला माझी विनंती: हा प्रश्न राऊंडच्या गर्दीत, सासऱ्यासमोर सुनेला विचारू नका. बाजूला घ्या. “पितो का?” असं विचारलं की उत्तर “नाय” येतं. “रोज संध्याकाळी साधारण किती लागते? शेवटची कधी घेतली?” असं विचारा. आवाजात निवाडा नसला की बायका खरं सांगतात. मी कितीतरी वेळा पाहिलंय, प्रश्न नीट विचारला की बाईच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरतं. इतक्या वर्षांत तिला कोणी विचारलेलंच नसतं.

भायरचा काय तरी असतला, असा सगळे म्हणतत. कौल लावून येव?

कौल लावायचा असेल तर लावा, गाऱ्हाणंही घाला. मी कोणाच्या देवाच्या आड येत नाही. फक्त रुग्णाला इथून हलवू नका. घरातलं एक माणूस देवळात जाऊ दे, रुग्ण कॉटवर राहू दे. त्याला भिंतीवर किडे दिसतात, दारात कोणी उभं दिसतं, तो घाबरतो. ते त्याच्यासाठी खरं असतं, त्यामुळे त्याच्याशी वाद घालू नका आणि “हो, आहे तिथे” असंही म्हणू नका. त्याचं नाव घेऊन हाक मारा, “तू इस्पितळात आहेस, मी इथे आहे,” एवढंच पुन्हा पुन्हा सांगा. डीटीमध्ये गाडीत घालून तासन्‌तास फिरवलेला रुग्ण परत येतो तेव्हा त्याचं पाणी आटलेलं असतं, ताप चढलेला असतो, आणि कधी तो परत येतच नाही.

हे विथड्रॉवलच आहे, दुसरं काही नाही, हे कशावरून ओळखायचं? (इंटर्नसाठी)

पिणारा माणूस बरळतोय म्हणजे दारूच, असं ठरवून मोकळं होणं ही न ओळखण्याइतकीच मोठी चूक आहे. पहिलं काम बोटातून रक्तशर्करा. मग डोकं चाचपा. नशेत पडलेल्याच्या डोक्यात हळूहळू रक्त साठू शकतं, आणि बाहेर खरचटलेलंही नसतं. एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, एक बाजू लुळी वाटली, शुद्ध सतत खाली जात असेल, तर सीटी स्कॅन. फिट एकाच बाजूला आली किंवा पहिल्यांदाच आली, तरी सीटी.

पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, विसरून चालणार नाही. भातलावणीनंतर ताप, पोटऱ्यांत प्रचंड दुखणं, लाल डोळे, कावीळ, कमी लघवी असा रुग्ण आला आणि तो पिणाराही असला, की दोन्ही एकाच वेळी असू शकतात. दोन्हींचे उपचार सुरू करा. लेप्टोची रक्ततपासणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, तिच्यासाठी अँटिबायोटिक थांबवू नका. मलेरिया, मेंदूज्वर, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, हे सगळं डोक्यात ठेवा.

लिव्हरचा भ्रम वेगळा दिसतो. जलोदर आणि कावीळ असलेला रुग्ण सुस्त असतो, हात पुढे धरायला सांगितले तर ते पंख फडफडवल्यासारखे पडतात. विथड्रॉवलची थरथर बारीक आणि जलद असते, आणि रुग्ण टक्क जागा असतो. हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण एकाला लागणारं शांत करणारं औषध दुसऱ्याला कोमात नेऊ शकतं.

ऑपरेशननंतरच्या रुग्णात चित्र झाकलं जातं. भूल आणि वेदनाशामकं लक्षणं लांबवतात, बीटा ब्लॉकरमुळे नाडी वाढत नाही. ऑर्थोच्या वॉर्डात सर्रास दिलं जाणारं ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक फिटचा धोका वाढवतं, ते अशा रुग्णात टाळा.

थोडी दारू दिली तर शांत होईल ना? खिशात क्वार्टर आणलीय.

देऊ नका. तुम्ही प्रेमापोटी आणली आहे हे मला माहीत आहे. पण दारू शरीरात लवकर चढते आणि लवकर उतरते, तिची मात्रा मोजून टिकवता येत नाही. तिने शुगर घसरते, पोटातून रक्तस्राव होऊ शकतो, उलटी श्वासनळीत जाऊ शकते. आणि आम्ही दिलेल्या औषधावर ती पडली तर श्वास मंदावतो. आणली असेल तर सिस्टरच्या हातात द्या. कोणी रागावणार नाही.

मग उपचार काय करता?

मुख्य औषध बेंझोडायझेपिन गटातलं. दारू मेंदूच्या ज्या जागेवर काम करत होती तिथेच ते काम करतं, पण मोजून देता येतं आणि पायरी-पायरीने कमी करता येतं. लिव्हर बरं असेल तर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, कारण त्यांचा असर लांब टिकतो आणि उतार अलगद होतो. सिरोसिस असेल किंवा वय जास्त असेल तर लोरॅझेपाम, तेही कमी मात्रेत आणि वरचेवर तपासून. साधारण पाच ते सात दिवसांत डोस उतरवत थांबवतो.

डोस ठरवायला सीवा नावाचा तक्ता वापरतात. मळमळ, थरथर, घाम, चिंता, बेचैनी, त्वचेवर काही सरपटल्याचा भास, ऐकू येणं, दिसणं, डोकेदुखी आणि भान, अशा दहा गोष्टींना गुण द्यायचे, एकूण ६७. आठच्या खाली असेल तर बहुधा औषधाशिवाय लक्ष ठेवून चालतं, पंधराच्या वर गेलं तर प्रकरण गंभीर. मला हा तक्ता आवडतो, कारण तो सिस्टरला दर तासा-दोन तासांनी रुग्णाजवळ उभं करतो. पण ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याला दुसऱ्या आजारानेही ताप आणि घाम आहे, त्याच्या बाबतीत गुण फसवतात. आणि चाळीस रुग्णांना दोनच सिस्टर असलेल्या रात्री तक्ता भरून होत नाही, हे मला माहीत आहे. तिथे ठरावीक वेळेचा डोस लिहिणंच सुरक्षित. फक्त एक नियम: प्रत्येक डोसआधी रुग्णाला हाक मारा. तो गाढ झोपला असेल तर डोस द्यायचा नाही, श्वास मोजायचा आणि डॉक्टरला कळवायचं.

थायमिन आधी, ग्लुकोज नंतर, असं का म्हणतात?

थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा काही आठवड्यांपुरताच असतो, आणि रोज पिणारा माणूस जेवत नाही. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं तेही संपतं आणि वर्निके नावाचा मेंदूचा आजार उफाळू शकतो: गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना झोक जाणं. तिन्ही लक्षणं एकत्र क्वचितच दिसतात, म्हणून एकावरही संशय घ्यायचा. तो ओळखायचा राहिला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. मी असा एक माणूस पाहिलाय, पन्नाशीही नव्हती, दर दहा मिनिटांनी विचारायचा की मुलगी शाळेतून आली का. मुलीचं लग्न होऊन गेलं होतं.

म्हणून धोक्यातल्या प्रत्येक रुग्णाला थायमिन इंजेक्शननेच, कारण पिणाऱ्याच्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही. वर्निकेचा संशय असेल तर ५०० मिलिग्रॅम शिरेतून, सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा. सोबत मॅग्नेशियम आणि पोटॅशियम तपासा. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन देऊनही काम करत नाही. पण शुगर खाली गेली असेल तर थायमिनची कुपी शोधत बसू नका, ग्लुकोज लगेच द्या आणि थायमिन पाठोपाठ.

फार आरडाओरडा करतोय, हॅलोपेरिडॉल देऊन टाकू का?

हे भास-भ्रमावरचं औषध, पण एकटं नाही द्यायचं. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षात, दुसऱ्या एका इस्पितळात, हर्नियाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एक रुग्ण वॉर्डात धावू लागला. मी हॅलोपेरिडॉल दिलं, तो शांत झाला आणि मी झोपायला गेलो. पहाटे त्याला फिट आली आणि तो कॉटवरून खाली पडला. हॅलोपेरिडॉलने फिट येण्याचा उंबरठा खाली येतो, आणि मूळ आजार तसाच राहतो. तो वाचला. पण त्याच्या आईने मला विचारलेला प्रश्न, “डॉक्टर, तुम्ही तर म्हणाला होतात तो झोपलाय,” मला अजून ऐकू येतो. आधी बेंझोडायझेपिन पुरेसं द्या. त्यानंतरही भास त्रास देत असतील तर ईसीजी बघून जोडीला हॅलोपेरिडॉल.

विथड्रॉवलच्या फिटला फेनिटॉइन या फिटवरच्या नेहमीच्या औषधाचा उपयोग होत नाही. लोरॅझेपाम शिरेतून द्या, ते पुढची फिटही टाळतं.

हात-पाय बांधायचे का?

शक्यतो नाही. बांधलेला माणूस दोराशी झगडतो, त्याने ताप चढतो आणि स्नायू तुटून किडनीवर ताण येतो. औषधाचा असर होईपर्यंत जीव वाचवायला बांधावंच लागलं तर मऊ पट्टीने, डॉक्टरच्या लेखी आदेशाने, थोड्या वेळासाठी, आणि पालथं कधीच नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातही बंधन हा शेवटचा उपाय मानलाय आणि शिक्षा म्हणून बांधायला बंदी आहे.

त्याऐवजी: दिवा मंद चालू ठेवा, अंधारात सावल्या माणसं होतात. चष्मा असेल तर घाला. कॉट खिडकीपासून दूर आणि सिस्टरच्या टेबलाजवळ. ओळखीचं एकच माणूस जवळ बसू दे, सहा जणांचा घोळका नको.

बांबोळीला (गोव्यातल्या मेडिकल कॉलेजला) किंवा मोठ्या ठिकाणी कधी हलवायचं?

औषधाचे डोस वाढवूनही आवरत नसेल, फिट पुन्हा पुन्हा येत असेल, ताप खूप चढला असेल, श्वास किंवा ऑक्सिजन घसरत असेल, डोक्याला मार असेल. निघण्याआधी शिरेत सुई, थायमिन आणि शांत करणारा डोस दिलेला असू दे, आणि किती वाजता काय दिलं ते चिठ्ठीवर. रिकाम्या हाताने १०८ मध्ये घालू नका.

गावठी घेतल्यावर दिसायला धूसर झालं, पोटात दुखतंय, धाप लागलीय, तर ते विथड्रॉवल नाही, मिथेनॉलचं विष असू शकतं. मुंबईच्या मालवणीत २०१५ साली शंभराहून अधिक माणसं अशीच गेली. अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा, थेट डायलिसिस असलेल्या ठिकाणी न्या.

माळ घातली, देवाला शब्द दिला आणि एकदम सोडली. चूक केली का?

शब्द देणं चूक नाही. श्रावणात, गणपतीत, माळ घालताना अनेकांनी दारू सोडली आणि सुटली. पण सकाळी घ्यावी लागणारा, पूर्वी फिट आलेला किंवा लिव्हर खराब असलेला माणूस घरी एकदम थांबला तर जिवावर बेतू शकतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दुकानं बंद झाली, तेव्हा देशभर असे रुग्ण इस्पितळांत आले. आठ-आठ दिवस समुद्रात जाणाऱ्या खलाशांचंही हेच. माळ घालायच्या आधी एकदा डॉक्टरकडे या. आठवडाभराच्या औषधाने शब्द पाळणं सोपं जातं.

चहातून न सांगता द्यायच्या पावडरी मात्र आणू नका. त्यांत डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असू शकतं, आणि त्याच्यावर दारू पडली की रक्तदाब कोसळतो.

डिस्चार्जनंतर?

विथड्रॉवल उतरला म्हणजे व्यसन गेलं असं नाही, ते काम आता सुरू होतं. ओढ कमी करणारी औषधं आहेत, लिव्हर आणि किडनी बघून ठरवतात. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका आहेत. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, व्यसनासाठी १४४४६. घरच्या बाईनेही फोन करावा, रुग्ण तयार नसला तरी.

पुन्हा प्यायला लागला तर लाजून दूर राहू नका, परत या. प्रत्येक विथड्रॉवल आधीच्यापेक्षा जड जाऊ शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर मी लाल शाईने लिहितो: “दारू थांबल्यावर डीटी झाला होता” आणि तारीख. ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्याही कारणाने, साप चावला म्हणून किंवा झाडावरून पडला म्हणून, कुठल्याही इस्पितळात नेलंत तर आधी ते दाखवा आणि शेवटची कधी घेतली तो वार आणि ती वेळ सांगा.